बावीस चुलींचा घास

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. नागू. अठरा दिवस उपाशी बसलेल्या माणसावर राग काढायचा तर "हे" आणि "अहो" पुरत न्हाईत. समोर असला की मीबी तेला तुम्ही-तुम्हीच करते, पण आता तो गुरांकडं गेलाय, तेव्हा मी सांगते तसं ऐका.

आमची वाडी गुंदच्या पुढं, नाल्यापल्याड. आमचं सोडून बावीस घरं, सगळी कुणब्यांची. नाल्यावर लाकडाचा साकव होता, म्हणजे आपला चालत जायचा पूल. दर उन्हाळ्यात आम्हीच बांधायचा आणि दर पावसात नाल्यानं न्यायचा. आता जंगलातलं लाकूड तोडायला बंदी आली, तेव्हा तेवढंबी राहिलं न्हाई. पाऊस लागला की चार महिने वाडी तुटते. पोरांची शाळा बंद. म्हातारं माणूस आजारी पडलं तर चौघांनी खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यातनं काढायचं. सिमेंटचा साकव मंजूर हाय असं कचेरीतनं सात वर्षं ऐकत होतो. मंजूर म्हणजे कागदावर. कागदावरनं नाला कसा ओलांडायचा ते कुणी सांगितलं न्हाई.

डिसेंबरात एका सकाळी नागूनं गुंदच्या बसथांब्याजवळ ताडपत्री बांधली, घोंगडं टाकलं आणि बसला. काम कधी सुरू करणार ते तारीख घालून लिहून द्या, तोवर फक्त पाणी. मला विचारलं? छे. मी परड्यात मुडली उकरत होते. मुडली म्हणजे आमच्याकडचा कंद, हाताएवढा लांब, थंडीत काढायचा. गणपती आला आणि म्हणाला, वैनी, नागू उपोषणाला बसला. हा गणपती आमच्या वाडीचा बुधवंत. देवाधर्माचं, मानपानाचं, लग्नाचं, सुतकाचं जे काय ते तोच बघतो. तेला सगळं ठावं होतं. मलाच तेवढं न्हवतं.

मी कुदळ हातात घेऊन तशीच गेले. पाच मैल. मांडवात दहा-बारा माणसं बसली होती, ती बाजूला सरली. मी काय काय बोलले ते आता सांगत न्हाई, पण शेवटी विचारलं, "मेल्यावर तुमची तिरडी त्याच साकवावरनं न्यायची काय?"

"तिरडीसाठी तरी साकव होईल," नागू म्हणाला आणि वर हसला.

हा असला माणूस. छत्तीस वर्षं मी ह्याच्याबरोबर काढली.

पहिले तीन दिवस तेचे हाल झाले. पोट दुखायचं, डोकं ठणकायचं, कुणी मांडवाच्या कडेनं वडापाव खात गेलं की तेच्या नाकपुड्या हलायच्या. मला वाटलं, चौथ्या दिवशी उठतोय बघ. चौथ्या दिवशी तो ताठ बसला होता. भूकच न्हाई म्हणाला. डोकं हलकं झालंय, बरं वाटतंय म्हणाला. मला तर धसकाच बसला. भूक मेली म्हणजे माणूस गेला, एवढंच आम्हाला ठाऊक.

मी सिस्टरला धरलं. प्रियांका सिस्टर, आमच्या आरोग्य केंद्राची. रामनगरची पोरगी, घरचे मूळचे खानापूरकडचे मराठे. रोज सकाळी स्कूटरवरनं यायची, नागूचं वजन घ्यायची, बीपी बघायची, तेला बाटलीत लघवी करायला लावून त्यात कागदाची काडी बुडवायची. पोरगी बोलायला तिखट हाय, पण समजावून सांगते. मी म्हणलं, सिस्टर, ह्यांची भूक कुठं गेली?

ती माझ्याजवळ बसली. "केशरक्का, घरातलं लाकूड संपलं तर तुम्ही काय जाळता?"

गोवऱ्या, मी म्हणलं. आणि गोवऱ्याबी संपल्या तर? मी म्हणलं, मग काय घराचे वासे काढून जाळायचे?

तसंच शरीराचं, ती म्हणाली. मग तिनं मला नीट सांगितलं, आणि ते मी अजून विसरले न्हाई. आपण भात खातो, तेची साखर होते. त्यातली थोडी शरीर लिव्हरमध्ये, म्हणजे आपण काळीज म्हणतो तिथं, साठवून ठेवतं. ती एका दिवसात संपते. मेंदूला तर साखर लागतेच, म्हणून मग शरीर हातापायांचं मांस थोडं थोडं विरघळवून तेची साखर करतं. ते तसंच चाललं तर माणूस दोन-तीन आठवड्यांत संपेल. पण शरीर तेवढं शहाणं असतं. दोन-तीन दिवसांत ते चरबीकडं वळतं. चरबीपासनं काळीज एक वेगळंच जळण करतं, तेला कीटोन म्हणतात. आठवडाभरात मेंदूबी ह्या नव्या जळणावर चालायला शिकतो. मग मांस वाचतं. भूक मरते, डोकं हलकं वाटतं, आणि तोंडाला एक गोडसर, जास्त पिकलेल्या फणसासारखा वास येतो. काडीचा रंग जांभळा होतो तो ह्याच्यामुळंच.

"म्हणजे सध्या हे गोवऱ्यांवर हायत," मी म्हणलं.

"हो. पण ह्यांच्याकडं गोवऱ्या किती आहेत ते तुम्हीच बघा," ती म्हणाली.

मी बघितलं. नागू म्हणजे काय, जन्मभर शेत आणि जंगल केलेला माणूस. बसला त्या दिवशी चोपन्न किलो. त्यात चरबी ती कुठली? ती संपली की वासे काढायची वेळ. आणि वाशांत छातीतला ठोकाबी आला, कारण हृदय म्हणजेबी मांसच. सिस्टर हे सगळं साध्या आवाजात सांगत होती, आज दूध किती आलं ते सांगावं तशी. मला रडायला आलं, पण मी तेच्यासमोर रडणार न्हाई असं ठरवलं होतं, म्हणून नाला बघायला गेले आणि तिथं रडले.

आता मी काय खात होते तेबी सांगते, कारण ते पुढं लागणार हाय. पहिल्या दिवशी रागानं जेवले न्हाई. दुसऱ्या दिवशी मूठभर तांदूळ काढला आणि परत डब्यात टाकला. एकटीसाठी कोण चूल फुंकत बसतं? आमची लेक रक्षिता गणेशगुडीला, बोटीतनं नदीत जाणाऱ्या पाहुण्यांच्या लॉजमध्ये स्वयंपाकघरात कामाला असते. सुट्टी मिळेल तशी यायची. घरात मी आणि दोन म्हशी. सकाळी म्हशींचं करून मी मांडवात यायचे आणि दिवस मावळायच्या आत परत. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी भात-आमटी शिजायची, पण नागूला वास जाऊ नये म्हणून लांब, शाळेच्या मागं. मी उठून तिकडं गेले तर तेच्याजवळ कोण बसणार? लोक यायचे, फोटो काढायचे, घोषणा द्यायचे आणि जेवायला जायचे. मग तो एकटा पडायचा, आणि एकटा पडला की तेचे डोळे कसे व्हायचे ते मला बघवत न्हवतं. म्हणून मी बसून राहायचे. चहा प्यायचे, काळा, गुळाचा, दिवसातनं तीनदा. शेजारची यमुना कधी वाटीभर पेजेचं पाणी द्यायची. चार-पाच दिवसांनी मलाबी भूक लागायची बंद झाली. एक कटकट गेली, असं वाटलं. यमुना एकदा म्हणाली, केशर, तुझ्या तोंडाला वास येतोय, दात किडलाय काय बघ. मी कडुलिंबाची काडी चावली.

दहाव्या दिवसापासनं नागू आडवा झाला. थंडी वाजायची, दुपारच्या उन्हातबी घोंगडं लागायचं. उठला की डोळ्यांपुढं अंधारी. बोलणं कमी, आणि तो बोलला न्हाई की मला काय सुचेना, कारण भांडायला तरी समोर माणूस पाहिजे. मी रोज तेच म्हणायचे. दोन घास खावा. कुणाला कळणार न्हाई. मी पदराखालनं देते. हात जोडले, शिव्या दिल्या, लेकीची शपथ घातली. तो मान हलवायचा. चौदाव्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यातनं शिवानंद डॉक्टर आले. कानडी माणूस, पण मराठी बोलतात. तेनी छातीला नळी लावली आणि लावलीच, काढीनात. ठोके कमी पडतायत म्हणाले. वजन सेहेचाळीस. अजून चार-पाच दिवस, मग मी काही सांगू शकत नाही, असं ते सिस्टरला कानडीत म्हणाले. मला कानडी येत न्हाई असं तेनला वाटलं असेल. इथं कुणाला कानडी येत न्हाई?

त्याच दिवशी सिस्टरनं मला, गणपतीला आणि मांडवातल्या चार बायकांना बाजूला घेतलं. माझी खरी भीती उपोषण सुटल्यावरची हाय, ती म्हणाली. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. सुटल्यावर कसली भीती?

तिनं सांगितलं ते असं. इतके दिवस शरीर चरबीच्या जळणावर बसलंय. सगळा कारभार मंद केलाय. अशात एकदम भात, गूळ, कंद पोटात गेला की शरीर एका झटक्यात साखरेच्या जळणाकडं वळतं. रक्तात इन्सुलिन उसळतं. साखर आत घ्यायची तर तिच्याबरोबर फॉस्फरस, पोटॅशियम असले क्षार लागतात, ते रक्तातनं एकदम आत ओढले जातात. ते मुळात संपत आलेले असतात. मग रक्तात काय उरत न्हाई आणि हृदयाची लय बिघडते. पाय सुजतात, दम लागतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी चांगला हसता-बोलता माणूस पडतो. म्हणून पहिलं जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, मग दर दोन तासांनी अर्धा कप पातळ पेज, रोज रक्त तपासायचं, आणि आठवडाभर हळूहळू वाढवत न्यायचं.

"त्या दिवशी प्रेमानं भरवलेला एक घाससुद्धा ह्यांचा जीव घेऊ शकतो," ती म्हणाली. "केशरक्का, ही जबाबदारी तुमची."

झालं. चौदा दिवस जेव जेव म्हणून ज्याच्या पाया पडले, तेच्या तोंडातनं आता मीच घास काढायचा.

अठराव्या दिवशी दुपारी कचेरीतनं साहेब आले, जीपमधनं, बरोबर पत्र. मार्चच्या दहा तारखेला काम सुरू, खाली सही, शिक्का. शाळेतल्या संदीप मास्तरांनी ते पत्र दोनदा वाचून दाखवलं, एकदा कानडीत, एकदा मराठीत. नागूनं पत्र हातात घेऊन डोळ्यांजवळ नेलं. तेला वाचता येत न्हाई, पण तारीख तेला कळते. मग साहेबांनी शहाळ्याचं पाणी पुढं केलं. सिस्टरनं मध्ये हात घालून दोनच चमचे दिले. फोटो निघाले. मी खांबाला धरून उभी होते. पाय थरथरत होते, पण मला वाटलं आनंदानं.

आणि मग वाडी आली.

आमच्यात एक रीत हाय. वाडीसाठी कुणी मोठं व्रत धरलं, सगळ्यांच्या वतीनं कष्ट काढले, की ते सोडताना तेनं वाडीतल्या प्रत्येक चुलीचा एक घास घ्यायचा. बावीस चुली, बावीस घास. ज्या चुलीचा घास राहिला ती चूल वाडीतनं तुटली असं मानतात. मग लग्नाकार्यात ते घर येत न्हाई, आणि ते घर आलं न्हाई की भांडण पिढ्यान् पिढ्या चालतं. आमच्या इथं दोन घरांचं तसं झालंबी होतं, माझ्या सासूच्या वेळेस. म्हणून आता बावीस घरच्या बावीस बायका पळसाच्या पानांवर घेऊन आल्या. यमुनाकडची उकडलेली मुडली, वर तिखट-मीठ. मंगलकडचं नव्या तांदळाचं पायस, गूळ आणि नारळाचं दूध घातलेलं. कुणाचा भात, कुणाची भाकरी, कुणाचे गोड पोळे. अठरा दिवस सगळ्यांना तेच्यासाठी काहीतरी करायचं होतं आणि करता येत न्हवतं. आता त्या बायकांच्या डोळ्यांत पाणी होतं. असल्या माणसांना न्हाई कसं म्हणायचं सांगा?

मी म्हणलं. मांडवाच्या तोंडाशी आडवी उभी राहिले आणि म्हणलं, एक दाणाबी आत जाणार न्हाई.

गलका झाला. सिस्टरनं सगळ्यांना परत सगळं सांगितलं, क्षार, इन्सुलिन, हृदय. पण पानं कुणी खाली ठेवली न्हाईत. मंगल म्हणाली, एक घासानं काय होतं, नखाएवढा घेऊ दे. मी म्हणलं, बावीस नखं झाली की दोन वाट्या होतात गं बाई. गणपती पुढं आला. तो वाईट माणूस न्हाई. तेला नागूचा जीव नको होता असं न्हाई, पण तेला वाडीबी फुटायला नको होती.

"वैनी, बावीस चुलींचा घास हाय," तो म्हणाला. "तो कुणाच्या तरी तोंडात गेलाच पाहिजे."

तेव्हा मला सुचलं. मी म्हणलं, मग माझ्या तोंडात घाला. मी तेची अर्धांगी हाय का न्हाई? सोयरिकीत चालते, सुतकात चालते, मग घासाला का चालत न्हाई?

गणपती विचारात पडला. मग म्हणाला, चालतंय. पूर्वी नवरा आजारी असला की बाईनं घेतलेला हाय. सिस्टरनं तर मला मिठीच मारली. शाब्बास केशरक्का, तुम्ही आज ह्यांचा जीव वाचवलात, म्हणाली. तिनं माझा फोटोबी काढला.

मी घोंगड्यावर बसले, नागूच्या शेजारी, आणि बावीस बायकांनी मला भरवलं. पहिला घास यमुनाचा. तोंडात मुडली विरघळली आणि काय सांगू, माझ्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. इतकं गोड मला जन्मात काय लागलं न्हवतं. बायका हसायला लागल्या. नवऱ्यापेक्षा बायकोलाच भूक जास्त, असं कुणीतरी म्हणलं. मग घास मोठे झाले. पायस तर मंगलनं तीनदा घातलं. मी खात गेले. नागू पडल्या पडल्या माझ्याकडं बघत होता आणि त्या सुकलेल्या तोंडानं हसत होता. तेनं नवऱ्यासारखं माझ्याकडं बघून किती वर्षं झाली होती कोण जाणे. मला लाज वाटली आणि बरं वाटलं.

संध्याकाळच्या आत तेला दवाखान्यात नेलं. बरोबर मीच. दोन दिवसांत मी घड्याळ बघायला शिकले. दर दोन तासांनी अर्धा कप पेज, चमच्या चमच्यानं. तो कप संपला की तेच्या डोळ्यांत भूक यायची, आणि मी कप पालथा घालून दाखवायचे. अजून दे म्हणून एकदा तेनं माझा हात धरला. मी सोडवून घेतला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. रक्त तपासलं, ठीक. पायावर सूज न्हाई. ठोके वाढले. डॉक्टर खूश.

माझी भूक मात्र सुटली होती. रक्षिता लॉजमधनं डबा घेऊन आली, भात आणि मासळीचं कालवण. मी सगळा डबा चाटून पुसून खाल्ला. पोरगी म्हणाली, आई, सावकाश. दुसऱ्या दिवशी चपला पायात शिरेनात. मला वाटलं, बाकड्यावर बसून बसून पाय भरले. जिना चढताना दम लागला. मला वाटलं, वय झालं. बोटांना मुंग्या आल्या. त्याचं तर मी कायच वाटून घेतलं न्हाई.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या कपाला मी नागूच्या खाटेजवळ उभी होते. चमचा तेच्या तोंडाशी नेला आणि माझ्या छातीत काहीतरी फडफडलं, कोंबडी पकडली की पंख मारते तसं. कप हातातनं सुटला. पेज तेच्या चादरीवर सांडली, एवढं मला दिसलं. मग फरशी.

पुढचं मला तुटक तुटक कळत होतं. छातीला थंडगार चकत्या लावल्या. कुणीतरी सुई टोचली. शिवानंद डॉक्टरांचा आवाज. प्रियांका सिस्टर त्या दिवशी नागूला बघायला आली होती, तिचाबी आवाज. पायात बोट दाबलं तर खळगा पडतोय, असं ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बदलला. मला काट्यावर धरून तोललं. चौतीस किलो. डॉक्टरांनी मोठ्यानं विचारलं, ह्या बाई किती दिवस उपाशी होत्या?

माझे डोळे उघडत न्हवते, पण कान उघडे होते. नागूनं लगेच उत्तर दिलं.

"ती उपाशी न्हवती, डॉक्टर. उपोषणाला मी बसलो होतो."

खोटं न्हवता बोलत तो. तेला तसंच वाटत होतं. आणि खरं सांगते, मलाबी तोवर तसंच वाटत होतं. उपोषण म्हणजे ताडपत्री, फलक, वजनकाटा, रोजचा आकडा. माझं म्हणजे नुसतं न जेवणं. त्याला कोण उपोषण म्हणतं? सिस्टर दिवसाआड मला शरीराचं जळण समजावत होती आणि मी मान डोलवत होते, आणि आम्हा दोघींना एकदाबी वाटलं न्हाई की ती माझ्याबद्दल बोलतेय.

मी कसंबसं म्हणलं, "अठरा." डॉक्टरांनी वाकून विचारलं, रोज काय घेत होता? चहा, मी म्हणलं. मग सिस्टर रडायला लागली. रोज केशरक्कांच्या शेजारी बसून मी त्यांच्या नवऱ्याचं वजन घेतलं, असं ती परत परत म्हणत होती. डॉक्टरांनी तिला ओरडून सलाईन आणायला पाठवलं.

क्षार सलाईनमधनं गेले, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं झाली. एक दिवस कुणालाच खात्री न्हवती, असं रक्षितानं मला मागनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ठोके जागेवर आले. माझी खाट नागूच्या खाटेला लावली, कारण आता दोघांचं पथ्य एकच होतं. तो माझ्यापेक्षा तीन दिवस पुढं, एवढाच फरक.

तो दिवसभर छताकडं बघत होता. दुपारी रक्षिता खाली गेली, तेव्हा तेनं विचारलं, "का सांगितलं न्हाईस?"

आमच्या मुलखात वाटेत कुणी भेटलं की पहिला शब्द असतो, जेवलं काय? ओळखीचा असो, अनोळखी असो, मराठीत असो, कानडीत असो. मांडवात मात्र तो शब्द सगळ्यांनी बंद केला होता. उपाशी माणसासमोर जेवणाचं नाव नको म्हणून. तेच्या शेजारी मी बसले होते, तेव्हा मलाबी कुणी विचारलं न्हाई. गणपतीनं न्हाई, यमुनेनं न्हाई, लेकीनं न्हाई. आणि ह्या माणसानं न्हाई, ज्याच्यासाठी मी बसले होते.

राग असा आला की सलाईनची सुई उपटून टाकावी. "तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं," मी म्हणलं.

तेनं तोंड भिंतीकडं फिरवलं. खांदे हलत होते. मी बघत राहिले. म्हणलं, रडू दे. मग तो उठून बसला, खाटेची कड धरून, आणि सगळा वॉर्ड ऐकत असताना मला म्हणाला, "जेवलीस काय?"

"न्हाई अजून," मी म्हणलं. "दोन वाजता अर्धा कप हाय."